सहा चमचे साखर आणि कोवलमचा किनारा

कोवलम म्हटले की मराठी पर्यटकांच्या डोळ्यांपुढे केरळातला, तिरुअनंतपुरमजवळचा समुद्रकिनारा उभा राहतो. पण याच नावाचे आणखी एक गाव आहे. ते बंगालच्या उपसागराच्या काठी, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणारा ईस्ट कोस्ट रोड या गावाजवळूनच जातो. बहुतेक प्रवासी मात्र महाबलीपुरमची लेणी आणि किनाऱ्यावरचे मंदिर गाठण्याच्या घाईत कोवलमचा फाटा मागे टाकून पुढे निघून जातात. जे वळतात, त्यांना स्वच्छ वाळू, निळे पाणी, रंगीत नावांच्या मासेमारी होड्या आणि कडक ऊन भेटते. आणि उन्हापाठोपाठ भेटतात रंगीबेरंगी, बर्फाळ, गोड पेये.

सुटीच्या दिवसांत कुटुंबाचे आरोग्य बिघडते ते बहुधा अशाच ठिकाणी. खाण्याच्या बाबतीत गृहिणी सावध असतात. उघड्यावरचे खाऊ नका, तळलेले फार खाऊ नका, असे त्या मुलांना बजावतात. पण पिण्याकडे कोणाचेच फारसे लक्ष नसते. 'उन्हाचे आहे, घेऊ दे थंड काहीतरी,' असे म्हणून घरातली सगळ्यात कडक आजीसुद्धा पाकीट उघडते. या थंड ग्लासात नेमके काय असते, हे समजून घ्यायला कोवलमसारखी जागा शोधून सापडणार नाही.

बंदराचे गाव, लाटांचे गाव

कोवलम आज लहानसे वाटत असले तरी त्याचा इतिहास लहान नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी आजच्या बेल्जियममधल्या ऑस्टेंड कंपनीने इथे व्यापारी वखार घातली होती. पुढे कर्नाटकच्या नवाबाच्या काळात इथे किल्ला उभा राहिला. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या झगड्यात तो फ्रेंचांच्या हाती गेला आणि १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने तो जिंकून घेतला. त्यानंतर तटबंदी उद्ध्वस्त झाली. किल्ल्याच्या त्या जागी आता एक मोठे हॉटेल उभे आहे. गावात तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे, चर्च आहे आणि या सगळ्यांच्या आधीपासून असलेली कोळ्यांची वस्ती आहे.

गेल्या काही वर्षांत या गावाला नवी ओळख मिळाली ती लाटांवरच्या फळीच्या खेळामुळे, म्हणजे सर्फिंगमुळे. मूर्ती मेगावन या इथल्याच कोळी तरुणाने हा खेळ स्वतः आत्मसात केला आणि मग गावातल्या मुलांना शिकवला. त्यातून २०१२ मध्ये सर्फिंगची शाळा सुरू झाली. पुढे इथे स्पर्धा आणि महोत्सव भरू लागले. २०२१ मध्ये कोवलमच्या किनाऱ्याला स्वच्छता आणि सुरक्षिततेसाठी दिले जाणारे 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तेव्हापासून चेन्नईकरांच्या सहकुटुंब सहलींच्या यादीत कोवलमचे नाव वर सरकले.

एका कुटुंबाची दुपार

मे महिन्यातला एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. तमिळनाडूत साधारण ४ ते २८ मे या काळाला 'अग्नी नक्षत्रम' म्हणतात. वर्षातला हा सर्वांत तापदायक काळ. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुटी असते, म्हणून ठाण्याहून पाच जणांचे एक कुटुंब चेन्नईला आलेले आहे. आई, बाबा, बारा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आजी. आजींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळची गोळी घेऊन, दोन इडल्या खाऊन त्या सगळ्यांबरोबर निघाल्या आहेत.

अकरा वाजेपर्यंत वाळूत चालून, लाटांत भिजून सगळ्यांचे घसे कोरडे पडतात. रस्त्याकडेच्या दुकानात काचेच्या भांड्यांत लाल, हिरवा, निळा बर्फाचा लगदा गोलगोल फिरत असतो. मुले त्याला स्लश म्हणतात. शेजारी गोटी सोडा, गुलाबी रंगाचे रोझ मिल्क आणि नन्नारी सरबताच्या बाटल्या मांडलेल्या असतात. नन्नारी म्हणजे आपली अनंतमूळ किंवा उपळसरी. बर्फाचा गोळाही असतोच. धाकट्याला निळा स्लश हवा असतो. मुलीला आइस्क्रीम घातलेला मिल्कशेक हवा असतो. बाबा लिंबू आणि नन्नारीचे सरबत मागवतात.

"आई, तुम्हाला काय सांगू?" सूनबाई विचारतात.

"मला काही नको गं. तुम्ही घ्या," आजी म्हणतात. त्यांना तहान लागलेली असते, पण आपल्या पथ्यासाठी सगळ्यांचा खोळंबा नको, असे त्यांना वाटते.

मराठी घरांतल्या सहलींत हा संवाद किती वेळा झाला असेल, याची गणती नाही. या एका संवादात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे मुलांच्या ग्लासात किती साखर आहे, हे कोणी विचारले नाही. दुसरी म्हणजे आजी तहानेल्या आणि उपाशी राहिल्या. दुपार होईपर्यंत या दोन्ही चुकांचा हिशेब द्यावा लागतो.

थंडपणात लपणारी गोडी

आइस्क्रीम वितळले की फार गोड लागते, हे प्रत्येक गृहिणीने अनुभवलेले असते. वितळल्यावर त्यात साखर वाढत नाही. बदलते ती जिभेची जाण. गोडी ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशींचे काम उष्णतेवर अवलंबून असते. पदार्थ गार असला की त्या मंदावतात, कोमट झाला की जोमाने काम करतात. म्हणूनच बर्फाळ पेय चवीला गोड लागावे, तर बनवणाऱ्याला त्यात साध्या सरबतापेक्षा जास्त साखर घालावी लागते.

बर्फाच्या लगद्याच्या बाबतीत साखरेचे आणखी एक काम असते. साधे पाणी गोठले की दगडासारखे घट्ट होते. त्यात पुरेशी साखर विरघळलेली असेल, तर ते पूर्ण गोठत नाही आणि बर्फाचे बारीक कण पाकात तरंगत राहतात. यंत्रातला लगदा फिरता आणि मऊ राहतो तो यामुळेच. म्हणजे साखर इथे चवीपुरती नसते, ती त्या पेयाचा कणाच असते. दुकानदाराला 'थोडी कमी साखर घाला' असे सांगून काहीच साधत नाही.

आता शरीराच्या बाजूने पाहू. बर्फाचे पेय प्यायल्याने अंग थंड होते, हे काही अंशी खरे आहे. ३०० मिलिलिटरच्या ग्लासात निम्मा बर्फ धरला, तर तो वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण २३ कॅलरी उष्णता शोषून घेतो. पण त्याच ग्लासात ३३ ग्रॅम साखर असेल, तर ती शरीराला सुमारे १३० कॅलरी देते. थंडावा चार घोटांपुरता टिकतो, कॅलरी मात्र अंगी लागतात. उन्हात शरीराला खरा थंडावा मिळतो तो घामाच्या बाष्पीभवनातून. त्यासाठी लागते पाणी, थोडे मीठ, सावली आणि वारा.

सहा चमच्यांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा आणि शक्य झाल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली आणावा, असे त्यांत म्हटले आहे. मध आणि फळांचा काढलेला रसही या साखरेतच धरला जातो. अख्खे फळ आणि दूध यांतली नैसर्गिक साखर त्यात धरलेली नाही. साधारण प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सपाट सहा चमचे. मुलांसाठी त्याहून कमी.

आता त्या दुकानातले ग्लास एकेक करून पाहू. बाजारातल्या कोलासारख्या थंड पेयांत दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत आठ चमचे. सरबताचा घट्ट पाक निम्म्याहून अधिक साखरेचाच असतो. त्यामुळे ग्लासात ३० मिलिलिटर पाक घातला, की सहा चमचे साखर आली. मोठ्या गोळ्यावर दोन-तीनदा मिळून ५० मिलिलिटर पाक ओतला गेला, तर चाळीस ग्रॅम, म्हणजे दहा चमचे. मिल्कशेकमध्ये दूध असते, ते चांगलेच. पण आइस्क्रीम, पाक आणि वरून घातलेली साखर असे तिन्ही एकत्र आले, की तोही या रांगेत मागे राहत नाही. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा वाटा संपतो. सकाळचा चहा आणि संध्याकाळचे आइस्क्रीम अजून हिशेबात धरायचेच आहे.

गंमत अशी, की सहा चमच्यांचा हा आकडा आरोग्यशास्त्रात आणखी एका ठिकाणी येतो. जुलाब होऊन शरीरातले पाणी कमी झाले, की घरच्या घरी जलसंजीवनी करतात. तिचे प्रमाण सगळ्यांनी पाठ करावे असे आहे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थोडी साखर आणि मीठ एकत्र असले, की आतडी पाणी लवकर शोषून घेतात. या साध्या शोधाने जगभर असंख्य बालकांचे प्राण वाचवले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले होते.

म्हणजे सहा चमचे साखर एक लिटर पाण्यात, मिठासह असेल, तर ते औषध. तीच साखर एका छोट्या ग्लासात, मिठाविना असेल, तर ती नुसती गोडी. फार गोड पेय पोटातून पुढे सरकायलाही वेळ लावते. म्हणूनच उन्हात एका गोड ग्लासानंतर लगेच दुसऱ्याची इच्छा होते. काही पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' अशी अक्षरे छापलेली असत आणि पालक ती आजारी मुलांना विश्वासाने पाजत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला बंदी केली. औषधाच्या दुकानातून जलसंजीवनी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वेष्टनावर पाहूनच घ्यावी.

हा हिशेब मांडण्याचे कारण उघड आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहाला केवळ साखर जबाबदार नसते. आनुवंशिकता, वाढते वजन आणि कमी हालचाल यांचा वाटा मोठा असतो. परंतु पेयातून येणारी साखर पोट न भरता कॅलरी देते आणि वजनाच्या वाटेने मधुमेहाला हातभार लावते. मुलांच्या दातांचे नुकसान होते ते वेगळेच.

साखर नाही म्हणजे सगळे ठीक?

हा हिशेब कळल्यावर एखादे सुज्ञ वडील म्हणतील, "मग मुलाला बिनसाखरेचा स्लश देऊ." इथेही सावध राहावे लागते. साखर काढली की लगदा दगडासारखा गोठतो, म्हणून काही उत्पादक तिच्या जागी ग्लिसरॉल हा गोडसर पदार्थ वापरतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली साखरेच्या पेयांवर कर लागल्यानंतर तिथे असे स्लश वाढले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये असे पेय प्यायल्यावर थोड्याच वेळात आजारी पडलेल्या २१ मुलांची नोंद तिथल्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. ही मुले दोन ते सात वर्षांची होती. त्यांतली बरीचशी गुंगी येऊन निपचित पडली आणि रक्तातली साखर एकाएकी उतरल्याचे आढळले. उपचारानंतर ती बरी झाली. लहान शरीराला एवढे ग्लिसरॉल एकदम पचवता येत नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने सात वर्षांखालील मुलांना ग्लिसरॉल असलेला स्लश देऊच नये, असा सल्ला दिला. सात ते दहा वर्षांच्या मुलांना एका वेळी ३५० मिलिलिटरच्या एका ग्लासाहून अधिक देऊ नये, असेही सांगितले.

म्हणून पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नियम सोपा आहे. पेयात काय आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर ते घेऊ नये.

बर्फ कुठला?

कोवलम हे कोळ्यांचे गाव. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासे टिकवायला बर्फ लागतो. मासे ठेवण्याचा बर्फ खाण्यासाठी बनवलेला नसतो. त्याचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही आणि त्याची वाहतूकही ओल्या गोणपाटातून, जमिनीवर घसरत होते. कोवलम असो, अलिबाग असो वा मालवण, किनाऱ्यावरच्या गावात दोन प्रकारचे बर्फ असतात. पर्यटकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

अनेकांचा समज असतो की गोठवल्याने जंतू मरतात. ते खरे नाही. कितीतरी जंतू बर्फात नुसते झोपी जातात आणि ग्लासात बर्फ वितळला की जागे होतात. विषमज्वर, कावीळ, जुलाब हे आजार अशा बर्फातून घरी येऊ शकतात. यावर उपाय म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळसर रंग घालणे बंधनकारक केले. लादीचा बर्फ निळसर दिसला, तर तो पोटात जाण्यासाठी नाही, असे समजावे. अडचण इतकीच, की चुरा करून त्यावर निळा पाक ओतला की सगळेच निळे दिसते. रंगांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. कापडासाठी वापरला जाणारा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडल्यामुळे तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बुढ्ढी के बाल' या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली होती. जो रंग जिभेवर आणि बोटांवर तासन् तास राहतो, तो फार गडद आहे, एवढे तरी ओळखावे.

या किनाऱ्याला बर्फाचे वेड नवे नाही. चेन्नईत मरीना किनाऱ्यासमोर एक गोलाकार दर्शनी भागाची जुनी इमारत आहे. लोक तिला अजूनही 'आइस हाउस' म्हणतात. अमेरिकेतला व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ हिवाळ्यात कापून, भुशात गुंडाळून जहाजांनी भारतात पाठवत असे. पहिले जहाज १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचले. मद्रासची ही बर्फाची वखार १८४२ मध्ये बांधली गेली. पुढे यंत्रावर बर्फ तयार होऊ लागला आणि हा व्यापार संपला. १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद याच इमारतीत काही दिवस राहिले होते. आता तिथे त्यांचे स्मारक आहे. जाता-येता ते जरूर पाहावे.

तात्पर्य असे, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी बर्फ ही साहेबांची चैन होती. सामान्य माणसाने उन्हाळे काढले ते बर्फाशिवायच. त्यामुळे मराठी आणि तामीळ या दोन्ही घरांत बर्फाविना गारवा देणारी पेये तयार झाली.

किनाऱ्यावरचेच उपाय

कोवलमच्या त्या दुकानापासून चार पावलांवर शहाळीवाला बसलेला असतो. तामिळीत शहाळ्याला 'इळनीर' म्हणतात. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे साधारण तीन ग्रॅमच साखर असते आणि पोटॅशियम भरपूर असते. २५० मिलिलिटर पाण्यात फार तर दीड-दोन चमचे साखर आली. ते झाडाच्या फळातच बंद असल्यामुळे बर्फ आणि पाण्याची शंकाही उरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच शहाळे घ्यावे.

एप्रिल ते जूनच्या सुमारास रस्त्याकडेला 'नुंगु' विकायला असतात. नावाने परके वाटतात, पण पाहिले की मराठी माणूस ओळखतो. हे तर आपले ताडगोळे! डहाणू, बोर्डी, वसईच्या बाजूला मिळतात तेच. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे. ताडगोळ्यात बहुतांश पाणीच असते, गोडी हलकी असते आणि मुलांना ते सोलून खाण्याची मौज वाटते.

तिसरा उपाय 'नीर मोर', म्हणजे आपले पातळ ताक. त्यात मीठ, आले, कढीपत्ता आणि हिंग घालतात. घाम गेलेल्या शरीराला पाणी आणि मीठ दोन्ही मिळते, साखर नाममात्र असते. रामनवमीला तामीळ घरांत नीर मोर आणि गूळ-सुंठीचे पानकम देतात, तर चैत्रात आपल्याकडे हळदीकुंकवाला पन्हे देतात. दोन्हीकडच्या आज्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत सांगितली आहे.

मात्र जुने आणि नैसर्गिक म्हणून सगळेच हलके, असेही नाही. ताडाचा गोड रस, म्हणजे 'पदनीर' किंवा आपली नीरा, पौष्टिक असली तरी तिच्यात कोलाइतकीच साखर असते. उसाच्या रसात तर त्याहूनही जास्त. पानकमात आणि पन्ह्यात गूळ असला तरी चमचे मोजायचेच असतात. ही पेये आनंदाने घ्यावीत, पण लहान पेला भरून आणि तहान भागवायला नव्हे. तहानेला पाणीच खरे.

दुपारी एक वाजता

आता त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. दुपारचा एक वाजलेला असतो. सकाळच्या दोन इडल्यांवर आजी दोन तास वाळूत चाललेल्या असतात. गोळी पोटात आहे आणि अन्न नाही. अचानक त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरू लागतात, बोलणे अडखळते. सगळ्यांना वाटते, ऊन लागले. सूनबाई मात्र आजींसोबत डॉक्टरांकडे गेलेल्या असतात. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले आठवते, ही लक्षणे रक्तातली साखर उतरल्याची असू शकतात.

"अहो, ते तुमचे सरबत द्या इकडे!" त्या म्हणतात. बाबांच्या ग्लासात अर्धे सरबत उरलेले असते. म्हणजे साधारण तीन चमचे साखर. आजी शुद्धीवर आहेत, घोट गिळू शकतात, याची खात्री करून सूनबाई ते त्यांना सावकाश पाजतात. पंधरा मिनिटांत थरथर थांबते. मग जवळच्या खाणावळीत सगळे जण दहीभात खातात आणि पुढची सहल सावलीत होते.

अशा वेळी नेमके हेच करायचे असते. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून किंवा गोड पेयातून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही, तर पुन्हा तितकीच द्यावी आणि त्यानंतर जेवण. आइस्क्रीम किंवा चॉकलेट यावर चांगला उपाय नाही, कारण त्यातल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बिनसाखरेचे पेय तर निरुपयोगीच. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

ज्या साखरेपासून आजींना दहा वर्षे जपले, तीच त्या दुपारी त्यांच्या उपयोगी पडली. साखर शत्रू नाही. ती किती, केव्हा आणि कोणाला, एवढाच प्रश्न आहे. त्या दिवशी मुलांना ती गरजेशिवाय आठ-दहा चमचे मिळाली आणि आजींना गरज असताना वेळेवर मिळता मिळता राहिली. अकरा वाजता आजींनी 'मला काही नको' म्हटले, तेव्हा कोणी एक शहाळे आणि चार घास त्यांच्या हातात ठेवले असते, तर एक वाजताची धावपळ बहुधा झालीच नसती.

संध्याकाळी वारा सुटतो. लाटांवर फळ्या घेऊन गावातली मुले उतरतात आणि धाकटा डोळे विस्फारून पाहत राहतो. आजींच्या पुढ्यात ताडगोळे असतात. "आमच्या बोर्डीला मिळायचे तसेच आहेत रे," असे म्हणत त्या नातवाला एक सोलून देतात. मुलीच्या हट्टासाठी एक रोझ मिल्क येते, त्यात बर्फ नसतो आणि पेले चार असतात. चौघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन चमचे साखरही येत नाही. हट्ट मात्र पुरता फिटतो.

निघण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

कोवलमला जायला चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने बस आणि टॅक्सी मिळते. वाटेत मुट्टुकाडूला खाडीतला नौकाविहार आहे आणि दक्षिणेकडची जुनी घरे व कारागिरी दाखवणारे 'दक्षिणचित्र' हे १९९६ मध्ये सुरू झालेले संग्रहालय आहे. महाबलीपुरम पुढे सुमारे २० किलोमीटरवर आहे. मे महिना टाळून डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात गेल्यास हवा सुखद असते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो. समुद्र खवळलेला असेल, तर पाण्यात उतरू नये.

घरून पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. सोबत मीठ-साखरेची पुडी आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. दर तासाभराने सगळ्यांनी पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. घरात मधुमेही असतील, तर त्यांचे जेवण वेळेवर व्हावे आणि त्यांच्या पिशवीत ग्लुकोज किंवा साखर असावी. गोड पेय घ्यायचेच झाले, तर सगळ्यांत मिळून एक घ्यावे, बर्फ वगळावा आणि ते जेवणासोबत घ्यावे, म्हणजे दात सतत साखरेत राहत नाहीत.

आणि घरातली मोठी माणसे 'मला काही नको' म्हणाली, तर ते ऐकून पुढे जाऊ नये. त्यांना चालेल असे काय आहे, ते शोधून त्यांच्या हातात द्यावे. कोवलमच्या किनाऱ्यावर ते चार पावलांवरच मिळते.